पहिली तुकडी

परदेशी नोकरी लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न पगाराचा होतो, दुसरा हवेचा आणि तिसरा जेवणाचा. हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची टवाळी करणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याला घरी पैसे पाठवायचे आहेत त्याने पगार विचारलाच पाहिजे, आणि ज्याला वरणभाताशिवाय झोप येत नाही त्याने तिकडे तांदूळ कसला मिळतो हेही खुशाल विचारावे. परंतु नोकरी शिक्षकाची असेल, आणि ती करणारे माणूस आयुष्यात प्रथमच वर्गात उभे राहणार असेल, तर आणखी एक प्रश्न उरतो. तो सहसा कोणी विचारीत नाही, कारण ज्यांनी तो विचारायचा ती मंडळी आठ-दहा वर्षांची असतात आणि दूर कोठेतरी बाकांवर बसलेली असतात. नवशिक्या शिक्षकाच्या शिकण्याचा खर्च कोणी सोसायचा?

शिकाऊ न्हाव्याने डोके भादरले तरी केस महिनाभरात पुन्हा वाढतात. पहिल्या वर्षाचा शिक्षक जे बिघडवतो ते पुष्कळदा दिसतही नाही. तो स्वतःच फार बोलतो. ‘समजले ना?’ असे विचारतो, आणि मुले सौजन्याने माना डोलावतात. जी चार मुले हात वर करतात त्यांनाच तो वर्ग समजतो. वर्षअखेर तो शहाणा होतो. ती तुकडी मात्र तोवर पुढच्या इयत्तेत गेलेली असते. मी बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि त्या काळात कितीतरी नवे शिक्षक येताना पाहिले. त्यांतले बहुतेक पुढे उत्तम निघाले, पण त्यांच्या पहिल्या तुकडीला त्याचा काही उपयोग झाला नाही.

हा विचार मनात घोळू लागला तो माझ्या भाचीमुळे. ती एम. ए. झाली आणि इंग्रजी शिकवण्याचे महिनाभराचे प्रमाणपत्रही तिने घेतले. असल्या प्रमाणपत्रांत नावाजलेले ते केंब्रिजचे ‘सेल्टा’. त्याचे मूळ जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली लंडनमध्ये घेतलेल्या दोन आठवड्यांच्या वर्गात सापडते. आज हा अभ्यासक्रम सुमारे १२० तासांचा आहे. पण त्यात खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून, परीक्षकांच्या देखत शिकवायचे तास अवघे ६. सहा तासांत माणसाला सायकलही धड येत नाही!

तर या भाचीला दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एक मालदीवमधल्या एका लहानशा बेटावरच्या सरकारी शाळेचे, दुसरे व्हिएतनाममध्ये, हनोई शहरातल्या एका खाजगी भाषावर्गाचे. मालदीवच्या शाळांत बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवतात आणि दहावीच्या अखेरीस मुले केंब्रिजच्या परीक्षांना बसतात. भारतीय शिक्षकांना तेथे कित्येक वर्षांपासून मागणी आहे. मुलांची धिवेही भाषा म्हणजे आपल्या मराठीची लांबची बहीण. लिहितात मात्र ती उजवीकडून डावीकडे. त्या बेटावर वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला भाची एकटीच असणार होती. हनोईचे काम संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे, कारण दिवसा मुले आपापल्या शाळेत. पालक फी मोजतात, जाहिरातीत ‘परदेशी शिक्षक’ हे शब्द ठळक असतात, आणि पगारही बेटापेक्षा बरा.

घरात लगेच दोन तट पडले. तिच्या वडिलांचा कौल हनोईला, कारण शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू व्हायचे होते. भाचीचे मन बेटाकडे. ती मला म्हणाली, “मावशी, तिथे माझी खरी गरज आहे गं. हनोईला मी नाही गेले तर दुसरी कुणीतरी जाईल.”

मुलीच्या मनाचा मोठेपणा मला कळला. तरीही गरज हा शब्द मला फसवा वाटतो. जेथे गरज सर्वांत मोठी तेथे चूक दाखवणारे कोणी नसते, म्हणून तर ती गरज मोठी असते. नुकताच पदवी घेतलेला डॉक्टर मोठ्या इस्पितळात काम करतो तेव्हा त्याच्या खांद्यावरून कोणीतरी पाहत असते. त्यालाच एकट्याला दूर खेड्यात नेऊन सोडले तर त्याच्या मनाच्या चांगुलपणाने रोग्याला काय मिळेल? बेटावर दहावीच्या मुलांची परीक्षा आणि हिचे पहिले वर्ष एकाच वेळी सुरू होणार. “अगदीच कोणी नसण्यापेक्षा बरे” असे यावर म्हणतात. हा युक्तिवाद नेहमी दुसऱ्यांच्या मुलांसाठी असतो. आपल्या मुलांसाठी तो करताना मी अजून कोणाला ऐकलेले नाही.

शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी वेगळाच तोडगा सुचवला. मुलीने वर्षभर आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या शाळेत शिकवावे, हात बसू द्यावा आणि मग परदेशी जावे. बोलणे अनुभवी माणसाचे होते, पण मला ते टोचले. आपल्या खेड्यातली मुले काय हात बसवण्यासाठी ठेवली आहेत? हनोईतल्या मुलाने हात बसलेली शिक्षिका मागावी आणि आपल्याकडच्या पोराने न बसलेली गोड मानून घ्यावी, हा हिशेब कोठल्या वहीतला?

धर्मानंद कोसंबींचे उदाहरणही घरात निघाले. कलकत्ता विद्यापीठातली २५० रुपयांची नोकरी सोडून महाराष्ट्रात काम करण्यासाठी त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले. त्यागाची ही गोष्ट आपल्याकडे आदराने सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण धर्मानंद तोवर सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथे घालून पाली शिकून आले होते. त्यांच्या त्यागाची झीज त्यांच्या स्वतःच्या खिशाला लागली. बेटावर जाणाऱ्या नवशिकीचा त्याग असा नाही. तिच्या खिशातून थोडेसे जाईल, बाकीचे मुलांच्या.

मग करावे काय? कोणाची तरी मुले पहिली असणारच. पहिल्या तुकडीशिवाय दुसरी येत नाही. हे ऋण टळत नाही. ते लहान करता येते, एवढेच.

येथे मला लाफ्काडियो हर्न आठवतो. हा वृत्तपत्रांत लिहून पोट भरणारा माणूस १८९० साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, जपानमधल्या मात्सुए गावी इंग्रजीचा शिक्षक झाला. शिक्षकाचे शिक्षण नाही, जपानी भाषा येत नाही. तरी त्याचे बरे चालले, कारण शाळेत निशिदा सेन्तारो नावाचे स्थानिक शिक्षक होते. त्यांना इंग्रजी येत होते आणि मुलेही कळत होती. हर्नच्या पुस्तकातले मात्सुएच्या शाळेचे प्रकरण सगळे आवडीने वाचतात, पण निशिदांचे नाव फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. पुढच्याच वर्षी हर्न कुमामोतोला गेला; मात्सुएची थंडी सोसेना, आणि पगार १०० येनांवरून २०० येन होत होता. बायकोच्या माहेरचे मोठे कुटुंब त्याच्या कमाईवर होते. त्याने पगार पाहिला म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही.

हनोईच्या भाषावर्गांत असे निशिदा असतात. परदेशी शिक्षकाच्या वर्गात मागे एक व्हिएतनामी साहाय्यिका बसते. मुले शब्दाच्या शेवटची व्यंजने का गाळतात हे तिला ठाऊक असते, कारण ती तिच्याच भाषेची खोड आहे. पगार मात्र तिला परदेशी पाहुणीपेक्षा पुष्कळ कमी. या व्यवसायात पारपत्राला ज्ञानापेक्षा जास्त भाव आहे. दक्षिण कोरियाने सरकारी शाळांसाठी १९९५ साली ‘एपिक’ हा उपक्रम सुरू केला तो इंग्रजीभाषी मानलेल्या सात देशांच्या नागरिकांसाठी. भारतीयांना त्या देशाचे दार किलकिले झाले ते २०१० साली अमलात आलेल्या व्यापारी करारामुळे, आणि तेही शिक्षकाची पात्रता असलेल्या साहाय्यकांपुरते. भाचीला मी म्हटले, या उतरंडीत तू गोऱ्यांच्या खाली आणि त्या साहाय्यिकेच्या वर बसणार आहेस. वरच्याचा राग येईल तेव्हा खालचीकडेही पाहा, आणि धडा कसा घ्यायचा ते तिलाच विचार.

भाचीने दोन्हीकडे सारखीच पत्रे लिहिली. या मुलांना माझ्या आधी कोण शिकवीत होते आणि ते का गेले? पहिल्या सत्रात माझ्या वर्गात कोणी बसेल का? दोन वर्षे राहता येईल का? हनोईहून तासाभरात उत्तर आले: वर्गात साहाय्यिका असते, पहिला महिना एक ज्येष्ठ शिक्षकही बसतील, आधीचे शिक्षक मायदेशी परतले, सोबत करारपत्र. बेटाकडून आठ दिवस काहीच नव्हते. मग मुख्याध्यापिकेचे स्वतःचे पत्र आले. तीन वर्षांत तीन शिक्षक झाले होते. एकाला एकटेपणा सोसेना, दुसऱ्याला राजधानीत, मालेमध्ये, काम मिळाले, तिसरी लग्न होऊन गेली. तुमच्या वर्गात बसून इंग्रजी तपासू शकेल असे येथे कोणी नाही, मी स्वतः गणिताची आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते.

ते पत्र वाचून भाची दिवसभर बोलली नाही. इतक्या सरळ माणसाला नकार द्यायचा तिच्या जिवावर आले होते, आणि खरे सांगायचे तर माझ्याही. दुसऱ्या दिवशी तिने हनोईला दोन वर्षांसाठी होकार कळवला. मुख्याध्यापिकांना तिने कारण न लपवता लिहिले, आणि दोन वर्षांनी जागा असेल तर पुन्हा विचाराल का असे शेवटी विचारले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते. दोन वर्षांनी आठवीतली मुले दहावीत असतील, त्यांची नावे सोबत पाठवत आहे. खाली चौदा नावे होती.