थांबा आणि तीर्थ

मॉरिशसच्या दक्षिण भागाची एका दिवसाची सहल साधारण ठरलेल्या वाटेने जाते. सकाळी क्युरपीप गावातले त्रू ओ सेर हे ज्वालामुखीचे शांत झालेले तोंड, मग गंगा तलाव, पुढे ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या जिथून दिसतात ती जागा, दुपारी शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती, आणि परतीच्या वाटेवर समुद्रात शिरलेला ल मोर्नचा कडा. बस थांबते, गाइड माहिती सांगतो, थोडा वेळ हाती मिळतो, फोटो काढून होतात आणि बस पुढे निघते. या यादीत गंगा तलावाचे नाव धबधब्याच्या आणि मातीच्या शेजारी, त्यांच्यासारखेच छापलेले असते. ज्या पाण्यापाशी माणसे अनवाणी चालत येतात, ते पाणी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत बसते का? बसवले तर त्याचे तीर्थपण उणावते का? प्रश्न मॉरिशसपुरता नाही. त्र्यंबकेश्वर आणि कोल्हापूरही आज सहलीच्या पत्रकात वाइनरी आणि किल्ल्यांच्या सोबतीने येतात. माझे म्हणणे असे की तीर्थपण पाण्यात किंवा दगडात साठवलेले नसते. एखाद्या जागेचे आपण काही देणे लागतो, हे मान्य करण्यात ते असते. आणि हे पटले, तर त्या दिवसभराच्या वाटेवर तीर्थ एक नाही, दोन आहेत हेही मान्य करावे लागते.

आधी या तळ्याची हकीकत पाहू. सावान जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, ज्वालामुखीच्या मुखात साचलेले हे पाणी. फ्रेंच नाव ग्राँ बासँ, म्हणजे मोठे तळे. भारतीय मजुरांच्या तोंडी ते परी तलाव झाले होते. 1834 पासून गिरमिटावर आणलेले मजूर उसाच्या मळ्यांत राबत होते. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, काही तमिळ आणि तेलुगू मुलखातले, आणि मुंबई बंदरातून निघालेले काही कोकणातले. 1920 पर्यंत जवळपास साडेचार लाख माणसे या बेटावर उतरली. काळे पाणी ओलांडले की धर्म बुडतो, असे मानणाऱ्या समाजातली ही माणसे होती. गंगा मागे राहिली होती आणि परतीची वाट बहुतेकांना नव्हती. 1897 साली उत्तरेकडच्या त्रिओले गावातले पुजारी झम्मन गिरी गोसाईं यांना स्वप्न पडले की या तळ्याचे पाणी जान्हवीचेच आहे. पुढच्या वर्षी त्रिओलेहून माणसे बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तळे शोधत चालत गेली. 1972 साली गोमुखाहून आणलेले गंगाजल पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांच्या काळात या पाण्यात मिसळले गेले आणि गंगा तलाव हे नाव रूढ झाले. आज सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या या देशात महाशिवरात्रीला लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर आरसे आणि कागदी फुलांनी सजवलेली कावड घेऊन इथे चालत येतात. इथले पाणी ते आपल्या गावी नेतात आणि गावच्या शिवावर घालतात.

पहिला आक्षेप उघड आहे. हिंदी महासागराने वेढलेल्या ज्वालामुखी बेटावरच्या तळ्याचा हिमालयातल्या नदीशी भूगोलाच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. साचलेल्या पावसाच्या पाण्याला गंगा म्हणणे ही स्वतःची फसवणूक नव्हे काय? भूगोलाचे म्हणणे खरे आहे आणि त्याला वळसा घालण्याचे कारण नाही. पण जमिनीखालून नळ जोडल्यासारखे पाणी जोडलेले असावे, ही अट तीर्थाला आपल्या परंपरेने कधीच घातली नाही. गोदावरीला आपण दक्षिणगंगा म्हणतो. गोहत्येच्या दोषाने पोळलेल्या गौतम ऋषींनी तप केले म्हणून गंगा ब्रह्मगिरीवर आली, असे ती कथा सांगते. म्हणजे गंगा गरजवंताच्या हाकेने येते, उताराच्या दिशेने नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळ उन्हाळे गावी चौदा कुंडांत साधारण तीन वर्षांनी पाणी प्रकटते. लोक त्याला गंगा आली असेच म्हणतात आणि स्नानाला जातात. त्याची भूगर्भातली कारणे ठाऊक असलेला माणूसही त्या गर्दीत असतो. ज्या कोकणातून मॉरिशसची मराठी कुटुंबे निघाली, त्या कोकणाला गंगा आपल्या दारी येते ही कल्पना नवी नव्हती. इथे ‘गंगा’ हे पाण्याच्या घटकांचे वर्णन नाही. ते नात्याचे नाव आहे. सावत्र आईला आई म्हणणाऱ्या मुलाला कोणी खोटारडे म्हणत नाही.

मग दुसरा, अधिक अवघड आक्षेप येतो. नाते मानले की तीर्थ झाले, तर कोणतेही डबके तीर्थ होईल. श्रद्धेला काही कसोटी उरणार नाही. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच स्वप्न एकटे पुरेसे नाही हे स्पष्ट सांगितले पाहिजे. स्वप्ने हजारांना पडतात. गंगा तलाव तीर्थ झाला तो स्वप्नामुळे नव्हे, स्वप्नानंतर सव्वाशे वर्षे चाललेल्या पायांमुळे. ज्यांना आठवडाभर मळ्यात राबायचे होते त्यांनी आपली विश्रांती मोडून ही वाट तुडवली. वाटेवरच्या घरांनी त्यांना पाणी आणि खाणे दिले. ही वाट एका पिढीने दुसरीच्या हाती दिली. मूळ शब्दही हेच सांगतो. तीर्थ म्हणजे नदीचा उतार, पार होण्याची जागा. उतार तयार होतो तो माणसे पुन्हा पुन्हा तिथून पार झाल्याने. संतांनी तीर्थाला जाब विचारला तोही याच मुद्द्यावर. दगड आणि पाणी यांच्यात देव शोधून सज्जनाला आणि भुकेल्याला विसरणारी यात्रा त्यांनी झिडकारली. एकनाथांची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेले कावडीतले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. त्या कथेत कावडीचा अपमान नाही. कावड पोचली, इतकेच. पाण्याने माणसाकडून जे मागितले, ते एकनाथांनी दिले. कसोटी हीच आहे: जागा आपल्याकडे काही मागते का, आणि आपण ते देतो का.

ही कसोटी हाती घेतली की पर्यटकाबद्दलचा नेहमीचा राग ढिला पडतो. बसमधून उतरणारा परदेशी प्रवासी तळ्याचे तीर्थपण हिरावून घेतो, असे म्हणण्यात अर्थ नाही. काठावरच्या माकडांकडे पाहून हसणारा, पायऱ्यांवरून पाण्यातल्या मासे-वामांना काही खाऊ घालणारा, घंटा वाजवून बघणारा माणूस जितका देतो तितकेच घेतो. त्याने कुतूहल दिले, त्याला दृश्य मिळाले. व्यवहार सरळ आहे. धोका वेगळ्या बाजूने येतो. तळ्याच्या वाटेवर आज 108 फूट उंचीचा मंगल महादेव उभा आहे. वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीवरून तो घडवला आणि 2007 साली त्याचे लोकार्पण झाले. पुढे समोर तितक्याच उंचीची दुर्गा उभी राहिली. एका लहान देशातल्या समाजाला आपले अस्तित्व दुरून दिसावे असे वाटणे स्वाभाविक आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट नोंदली पाहिजे. उंच मूर्ती दुरून, गाडीतूनही दिसते. तळ्याचे पाणी मात्र वाकल्याशिवाय ओंजळीत येत नाही. भाविकानेच वाकणे सोडले आणि मूर्तीच्या पायाशी फोटो काढून तो परत फिरला, तर तीर्थाचा थांबा झाला. तो पर्यटकाने केला नाही, भाविकाने केला.

आता त्याच सहलीचा शेवटचा थांबा. ल मोर्नचा कडा सुमारे साडेपाचशे मीटर उंच, बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, पायथ्याशी पांढरी वाळू आणि निळे पाणी. बसमधले बहुतेक प्रवासी त्याला समुद्रकिनाऱ्यामागचा देखावा म्हणून पाहतात. पण अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यावरच्या कपारींत लपून राहत होते. मादागास्कर आणि आफ्रिकेतून बांधून आणलेली माणसे ती. 1 फेब्रुवारी 1835 रोजी बेटावरची गुलामगिरी संपली. लोककथा सांगते की मुक्तीची बातमी घेऊन शिपाई कड्याकडे येताना दिसले तेव्हा वरच्या माणसांना वाटले, आपल्याला धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. 2008 मध्ये युनेस्कोने ल मोर्नला जागतिक वारसा म्हटले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे गिरमिटिया मजूर पहिले पाऊल टाकत, त्याला तो मान 2006 मध्ये मिळाला होता. 1 फेब्रुवारीला त्या देशात सुट्टी असते आणि 2 नोव्हेंबरलाही, कारण 1834 मध्ये त्या दिवशी मजुरांना घेऊन आलेले ‘अ‍ॅटलस’ जहाज लागले होते. या दोन तारखांचा संबंध केवळ पंचांगातला नाही. गुलाम हातातून जाणार हे दिसू लागले म्हणून मळेवाल्यांनी भारताकडे पाहिले. एकाच्या सुटकेच्या पोटात दुसऱ्याचे गिरमिट होते. गंगा तलावाकडे जाणारी वाट ल मोर्नच्या सावलीतून सुरू झाली आहे.

यावर कोणी म्हणेल की उडीच्या कथेला कागदोपत्री पुरावा नाही, तिथे देव नाही, पूजा नाही, मग त्याला तीर्थ कसे म्हणावे? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. गोसाईंच्या स्वप्नालाही कागद नाही. एका समाजाच्या स्मृतीला आपण श्रद्धा म्हणायचे आणि दुसऱ्याच्या स्मृतीला दंतकथा, हा न्याय नव्हे. शिवाय पळालेली माणसे तिथे आसऱ्याला होती, हे उडीच्या कथेवर अवलंबून नाही. दुसरा भाग गंभीर आहे, पण त्याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. महाभारताच्या अनुशासन पर्वात मानस तीर्थांचा विचार आहे. सत्य, दया यांसारख्या गुणांनाच तिथे तीर्थ म्हटले आहे. मूर्ती ही तीर्थाची अट असती तर हे लिहिताच आले नसते. ज्या ठिकाणी उभे राहिल्यावर माणसाला दुसऱ्याच्या वेदनेचे देणे टाळता येत नाही, ते ठिकाण पार उतरवणारेच आहे. जो हिंदू प्रवासी गंगा तलावावर हात जोडतो आणि ल मोर्नपुढे फक्त पाठ करून फोटो काढतो, त्याच्या जोडलेल्या हातांत काहीतरी कमी राहिले. त्याने आपल्या पूर्वजांचे ऋण मानले, पण ज्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ते पूर्वज आणले गेले, त्यांचे नाही.

मॉरिशसच्या मराठी माणसांनी दीडशेहून अधिक वर्षे आपली भाषा आणि देव जपले. त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. महाराष्ट्रातून तिकडे फिरायला जाणाऱ्यांनी त्यांच्याकडून हे शिकावे की तीर्थ सोबत नेता येते, पण ते चालून, राबून आणि आठवून जिवंत ठेवावे लागते. सहलीची यादी बदलण्याची गरज नाही. शामारेलची माती डोळे भरून पाहावी. बेसॉल्ट कुजून ती झाली आहे, आपल्या कोकणातल्या जांभ्याची ती बहीण आहे. पण गंगा तलावावर उतराल तेव्हा पाणी ओंजळीत घेण्यासाठी एकदा वाका. आणि संध्याकाळी ल मोर्नच्या पायथ्याशी बस थांबेल तेव्हा समुद्राकडे वळण्याआधी त्या कड्याकडे तोंड करून तितकेच वाका.