बोलू न शकणाऱ्याचा शब्द

देवळात वाढलेल्या आम्हांस एक गोष्ट फार लवकर कळली. देव स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने पुजारी बोलतो. नैवेद्य केव्हा, स्नान केव्हा, शेजारती केव्हा, हे सारे सेवेकरीच ठरवितात. ही सेवा खरी असते. तथापि तीत एक सूक्ष्म मोह दडलेला असतो. पुजाऱ्यास लग्नाला जावयाचे असले की देवास लवकर झोप येते, असे आमचे वडील विनोदाने म्हणत. सेवा करता करता स्वतःची सोय हीच देवाची इच्छा वाटू लागते, हे त्या विनोदाचे मर्म होय.

कायद्यानेही हे मर्म ओळखले आहे. आपल्या न्यायालयांनी देवमूर्तीस व्यक्ती मानून तिला अज्ञान बालकासारखे संरक्षण दिले आहे. कलकत्त्याच्या एका कुटुंबात कुलदेवतेची मूर्ती कोणी कोठे न्यावी, यावरून तंटा झाला. तो १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे आला, तेव्हा न्यायाधीशांनी सांगितले की, मूर्ती ही सेवेकऱ्यांची चीजवस्तू नव्हे. तिच्या इच्छेचाही मान राखला पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी वादात स्वार्थ नसलेला प्रतिनिधी नेमला पाहिजे. पाषाणाच्या मूर्तीविषयी एवढी दक्षता! मग ज्याची स्मृती अगर बुद्धी मावळली आहे अशा जिवंत माणसाविषयी आपण किती दक्ष असतो?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यास विचारण्यापूर्वी स्वतःस विचारला पाहिजे. आम्ही शाळेत असता आमच्या आजोबांची स्मृती क्षीण झाली. जन्मभर मोडीत जमाखर्च लिहिणारा तो मनुष्य. गावाकडील जमिनीचा कागद करावयाचा होता. घरची मंडळी बसली, कागद पुढे आला. आजोबांनी विचारले, "हे कशाचं?" कोणीतरी उत्तर दिले, "देवळाची पावती आहे." त्यांच्या अंगठ्यास शाई आम्हीच लावली आणि अंगठा कागदावर दाबलाही आम्हीच. त्या पैशांतील एक रुपयाही कोणी लुबाडला नाही. तो त्यांच्या औषधपाण्यासच लागला. परंतु सायंकाळपर्यंत आजोबा धोतराच्या सोग्याने अंगठा पुसत बसले होते. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि आम्ही त्यांस असत्य सांगितले होते, ही गोष्ट हिशेब चोख असल्याने पुसली जात नाही.

त्यांना काहीच कळले नसते, असे कोणी म्हणेल. पण आम्ही ते पडताळून पाहिले होते काय? १८७२ चा करारकायदा असे मानतो की, एरवी भ्रमिष्ट असणाराही ज्या वेळी शुद्धीवर असेल त्या वेळी करार करू शकतो. म्हणजे शुद्धी ही त्या त्या वेळेची आणि त्या त्या कामाची बाब आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हेच तत्त्व उपचारांस लावले. माहिती समजणे, परिणाम उमगणे आणि आपला निर्णय बोलून वा खुणेने कळविणे, यांवर क्षमता ठरते. एखाद्याचा निर्णय इतरांस चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. त्यास आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवता येतो. रुग्णास स्वतःच्या संमतीवाचून दाखल करावयाचे झाल्यास दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, मंडळास कळवावे लागते, आणि प्रतिनिधीच्या संमतीवर उपचार चालू असतील तर रुग्णाची क्षमता दर सात दिवसांनी पुन्हा पाहावी लागते. साखळीने बांधणे तर सर्वथा निषिद्ध आहे. हा निषेध उगाच आलेला नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे श्रद्धेपोटी आणून ठेवलेले रुग्ण ६ ऑगस्ट २००१ रोजीच्या आगीत साखळदंडांमुळे पळू शकले नाहीत, व अठ्ठावीस जीव गेले. त्यांना तेथे आणणारे बहुतेक त्यांचे आप्तच होते.

घरच्या मायेत कायदा कशाला, असा आक्षेप येतो. मुलगा काय बापाचा वैरी आहे? आम्हीही असेच म्हणत असू. परंतु देवळाची दानपेटी पाच माणसांसमक्ष उघडतात, ती पुजारी चोर आहे म्हणून नव्हे. साक्षीदार असला म्हणजे प्रामाणिक माणसाचा प्रामाणिकपणा सर्वांस दिसतो आणि दुबळ्या क्षणी त्याचा तोलही सावरतो.

आपल्या उत्तर कन्नडातील हळदीपूरच्या अरुणा शानभाग यांचे उदाहरण आठवावे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असता २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर पाशवी अत्याचार झाला आणि १८ मे २०१५ रोजी अंत होईपर्यंत त्या तेथेच असहाय पडून होत्या. त्यांचे पोषण थांबवावे, अशी विनंती लेखिका पिंकी विराणी यांनी केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारे रुग्णालयच त्यांचे खरे सुहृद. आणि ते त्यांना जगवू इच्छिते. मात्र उद्या त्या सुहृदांचे मत बदलले तरी उच्च न्यायालयाची संमती लागेलच, असेही बजावले. इतकी निर्मळ सेवा. तिलाही साक्षीदार हवा! पुढे ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने, अंतकाळी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार व नोटरी अगर राजपत्रित अधिकारी एवढ्यावर आता ते होते.

नवनगरच्या एका अंगास धारवाडचे मनोरुग्णालय, दुसऱ्या अंगास हुबळीची मोठी इस्पितळे. हा प्रश्न आपल्या दारावरून रोज जातो. आमचे वाचकांस सांगणे इतकेच. ज्यांची वाचा शाबूत आहे अशा वडीलधाऱ्यांनी आपली इच्छा आजच लिहून ठेवावी. ज्यांची मावळत आहे त्यांना, मन स्वच्छ असेल अशी वेळ साधून, सोप्या शब्दांत विचारावे, उत्तरासाठी थांबावे, आणि शेजारी एक निःस्वार्थी माणूस बसवावा. उत्तर आलेच नाही तर जन्मभर त्यांना काय प्रिय होते ते आठवून निर्णय करावा. आणि काही झाले तरी असत्य सांगू नये.

आजोबांस आम्ही "ही जमीन विकतो आहोत" असे सांगितले असते, तर त्यांनी कदाचित नकार दिला असता. कदाचित मानही डोलाविली असती. ते आता कधीच कळणार नाही.