पितराचं पान आणि अण्णांची भाकर

मेलेल्या माणसाला जेवू घालता येतं का? वाल्मीकी रामायणात हा प्रश्न जाबाली विचारतो. जाबाली दशरथाच्या पदरचा ब्राह्मण, भरताबरोबर चित्रकूटावर आलेला, आणि समोर प्रत्यक्ष राम. लोक पितरांच्या नावाने अष्टका श्राद्धं घालतात आणि अन्नाची नासाडी करतात, मेलेला काय खाणार आहे, असं तो रोखठोक म्हणतो. त्याचा पुढचा मुद्दा तर बिनतोड आहे. एकाने खाल्लेलं दुसऱ्याच्या अंगी लागत असेल, तर वाटेला लागलेल्या माणसाचंही घरी श्राद्ध घाला; त्याला शिदोरी बांधून द्यायचा खटाटोप कशाला? चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'त चार्वाकांचं म्हणणं मांडलं, त्यातही ही शिदोरी आहे. खाली वाढलेल्या पानाने माडीवरच्या माणसाचं पोट का भरत नाही, हा सवालही तिथेच आहे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. निखाऱ्यावर पडलेल्या तुपाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. तरी दर आखाजीला मी चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरी जाते, आगारी टाकताना हात जोडून उभी राहते, आणि ते मनापासून असतं. आईला वाईट वाटू नये म्हणून केलेलं ते नाही. म्हणूनच जाबालीला काहीतरी उत्तर देणं मला भाग आहे.

अक्षय्य तृतीयेला इतरत्र सोनं घेतात. खान्देशात ती आखाजी. माहेरवाशिणींची, झोक्यांची, गौराईच्या गाण्यांची, आणि पितरांची. भाद्रपदाचा पंधरवडा आहेच, पण तापीकाठी पितर वैशाखातही येतात, विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हा. त्यांच्यासाठी कोरी मातीची घागर पाण्याने भरून ठेवायची, तिच्यावर लहान मडकं, म्हणजे डेरगं, त्यावर आंबा किंवा खरबूज. ऐन उन्हाळ्यात मेलेल्या माणसाची आठवण पाण्यापासून सुरू व्हावी, हे ज्याला सुचलं त्याला ऊन माहीत होतं आणि माणूसही. मग गोवरीचे निखारे मांडायचे, त्यावर तूप सोडायचं, आणि पुरणपोळी, आमरस, भात, कुरडई सगळ्याचा थोडा थोडा घास एकेका पूर्वजाचं नाव घेऊन टाकायचा. ही आगारी. ती होईपर्यंत घरातल्या लहान पोरालाही जेवायला मिळत नाही.

पोळी खापरावरचीच. आई आता बसूनच करते, पण हात तेच आहेत. कणीक इतकी तिंबलेली की ओढली तर तुटत नाही. पुरण भरलेला गोळा आधी तळहातावर थापायचा, मग या हातावरून त्या हातावर टाकत टाकत वाढवायचा. पोळी मनगटं ओलांडून कोपरापर्यंत उतरते, आतलं पुरण पिवळं दिसू लागतं, आणि आता फाटणार असं वाटतं त्या क्षणी ती उपड्या खापरावर जाऊन पडते. कुठेही सुरकुती नाही. आई त्या वेळी कुणाशी बोलत नाही. धूर डोळ्यात गेला तरी डोळे पुसायला हात मोकळे नसतात. पितरांसाठी एवढे कष्ट घेणाऱ्या बाईने आगारी मात्र टाकायची नाही, तो मान घरच्या पुरुषाचा, हा रिवाज मला कधीच मान्य नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर भावाने त्यांच्या नावाचा घास आईच्याच हातात दिला. गावात थोडी कुजबुज झाली. भाऊ बधला नाही, याचं मला फार बरं वाटलं.

पण अडचण वेगळीच होती. अण्णांना पुरणपोळी आवडायची नाही. गोड काहीच त्यांच्या घशाखाली उतरत नसे. त्यांचं जेवण म्हणजे कळण्याची भाकर. ज्वारीत काळे उडीद आणि खडेमीठ घालून दळून आणायचं, त्या पिठाची जाडसर भाकर. वर हिरव्या मिरचीचा ठेचा, ठेच्यावर कच्चं तेल, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. सणाच्या दिवशी सगळ्यांच्या पानात रसपोळी पडली की ते एक तुकडा रसात बुडवून खायचे, सणाचा मान ठेवायचे, आणि आईकडे नुसतं बघायचे. ती उठून शिंकाळ्यातली सकाळची भाकर काढून द्यायची.

तर आगारीचं पान वाढताना आईने त्यात कळण्याच्या भाकरीचा तुकडा ठेवला. वर ठेचा. फुई, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, जवळच बसली होती.

"अगं, पितराच्या पानात भाकर ठेवतात का? सणाचं पान आहे."

"नाव त्यांचं घेणार ना? मग त्यांना आवडायचं ते नको?"

"तो आता पितर झाला. आवडीनिवडी इथल्या इथेच राहतात."

फुई शाळेत गेलेली नाही, पण धर्मशास्त्र जे सांगतं तेच तिने एका वाक्यात सांगितलं. सपिंडीकरणात मेलेल्याच्या पिंडाचे भाग करून ते त्याच्या बापाच्या, आजाच्या, पणजाच्या पिंडांत मिसळतात. तोवर तो प्रेत असतो, एकटा. मिसळल्यावर पितर होतो. त्यानंतर श्राद्धात नावं घ्यायची ती तीन पिढ्यांची. बाप, आजा, पणजा. चौथा पुढे सरकलेला असतो. या तीन पिढ्यांच्या हिशेबामागची शास्त्रकारांची कारणं वेगळी असतील. मला मात्र त्यात माणसाच्या आठवणीची लांबी दिसते. पणजोबांना पाहिलेलं माणूस घरात फार तर एखादं असतं. खापरपणजोबांना भाकर आवडायची की पोळी, हे सांगणारं कुणीच उरत नाही, आणि मग सगळ्यांना एकच पान पुरतं.

त्या दिवशी चुलीपाशी वाद खरं तर भाकरीचा नव्हताच. मेल्यावर माणूस तोच राहतो की पूर्वजांच्या गर्दीत मिसळून जातो, हा तो वाद होता. मोठमोठ्या दर्शनांनी यावर ग्रंथ लिहिले. आत्मा मानणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांनी या जन्माच्या खुणा, खोडी, चवी त्या आत्म्याला चिकटू दिल्या नाहीत. अमर काय राहतं, तर ज्याला काहीच आवडत-नावडत नाही असं काहीतरी. मला ते तत्त्व समजतं, पण त्याने माझं समाधान होत नाही. अण्णांमधून ठेचा वजा केला, आमरसाकडे बघून कपाळाला पडणारी आठी वजा केली, तर जे उरेल ते चिरंतन असेलही, पण त्याच्यासाठी मी आखाजीला गावी कशाला जाऊ? आईची बाजू मला बरोबर वाटते. पुरणपोळी पितरांची, ती असू द्या, कुळाचा तो मान आहे. भाकर अण्णांची, आणि ती ठेवलीच पाहिजे.

आईला नकळत तिच्या बाजूने रामायण उभं आहे. जाबाली बोलायच्या आधीच, बाप गेल्याची बातमी कळल्यावर, रामाने मंदाकिनीच्या काठी पिंड दिला होता. राजाचा पिंड, पण वनात तांदूळ कुठून येणार? त्याने हिंगणबेटाचा गर घेतला, त्यात बोरं कालवली, दर्भावर ठेवलं, आणि बापाला सांगितलं की आम्ही जे खातो तेच तुम्ही खा. माणूस जे अन्न खातो तेच त्याच्या देवांचंही अन्न असतं. पुढे कौसल्येने तो पिंड पाहिला आणि तिला रडू कोसळलं. सगळी पृथ्वी भोगलेल्या राजाने आता हे खायचं? हिंगणबेट आमच्या खान्देशातल्या बरड माळांवर उगवतं. ज्याने ते फळ चाखलंय त्याला कौसल्येचं रडणं समजेल. पण राम ओशाळलेला नाही. आपल्या पानातलं त्याने बापाच्या पानात वाढलं.

जाबालीवर राम पुढे रागावतो, सत्याची थोरवी सांगतो, शिदोरीच्या मुद्द्याला मात्र हात लावत नाही. माझ्या मते त्या पिंडात त्याचं उत्तर आधीच देऊन झालं होतं. जाबाली धरून चालतो की अन्न फक्त पोटासाठी दिलं जातं. तसं असतं तर शिदोरीही कुणी बांधली नसती. मी नाशिकला शिकत होते तेव्हा वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळायचं, एसटी थांबायची तिथे वडा-भजी मिळायची, हे आईला चांगलं माहीत होतं. तरी प्रत्येक खेपेला फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या पिशवीत असायचीच. त्यातलं निम्मं मैत्रिणी खायच्या, हेही तिला माहीत होतं. भुकेचा हिशेब करून ती बांधलेली नसायची. पोर डोळ्याआड गेली तरी तिचं पान वाढणं थांबू नये, म्हणून असायची. जाबालीने उदाहरण दिलं शिदोरीचं, आणि ते त्याच्या विरुद्धच साक्ष देतं. घेणारा गेला म्हणून देणाऱ्याचं देणं संपत नाही. दशरथ खातो की नाही यावर रामाचा पिंड अवलंबून नव्हता.

आणि तो घास कुणाच्याच पोटी जात नाही, हेही खरं नाही. आगारी झाली की आमच्याकडे शेजारच्या आळीतल्या एका वयस्क माणसाला पितर म्हणून जेवायला बसवतात. अण्णांचं पान त्याला मिळतं. त्याने ती भाकर आधी संपवली आणि आणखी आहे का विचारलं, तेव्हा आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

भावाचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याने अण्णांना नीटसं पाहिलेलंही नाही. यंदा त्याने मला जाबालीचाच प्रश्न विचारला, जाबालीचं नाव माहीत नसताना. "आत्या, हे आजोबांपर्यंत जातं असं तुला खरंच वाटतं?" मी म्हटलं, नाही. तो थोडा वेळ निखाऱ्यांकडे बघत राहिला आणि मग आईकडे वळला. आजोबांना आणखी काय आवडायचं? आई सांगू लागली. वांग्याचं भरीत, पण हिवाळ्यातल्या वांग्याचं. उडदाची डाळ. शेवभाजी. मेथी. मेथीवर फुईने तिला तिथेच अडवलं. लहानपणी तो मेथीला शिवतसुद्धा नव्हता, ही खोड तुझ्या घरच्यांनी लावली असेल. आई म्हणाली, माझ्या घरी आले ते पहिल्याच जेवणात दोनदा मागून घेतली होती. फुई म्हणाली, नव्या जावयाने मागून घेतलं म्हणजे आवडलं असं होत नाही. भाचा मोबाइल बाजूला ठेवून दोघींच्या मध्ये येऊन बसला. ताटं उचलून झाली, माठ पुन्हा भरून झाला, तरी मेथीचा निकाल लागला नव्हता.