एलीमचा मुक्काम

पवित्र शास्त्र वाचन : निर्गम १५:२२-२७, १६:१-३०



एलीमवर उपदेश ऐकल्याचे तुम्हांपैकी किती जणांना आठवते? मारा येथील कडू पाण्यावर आपण पुष्कळ ऐकले आहे. मी स्वतः त्यावर निदान पाच वेळा बोललो आहे. कडू पाणी, लोकांची कुरकुर, मोशेची आरोळी, पाण्यात टाकलेले झाड, गोड झालेले पाणी. उपदेशकाला आणखी काय हवे? एलीमला मात्र आम्ही शेवटच्या प्रार्थनेआधीच्या एका वाक्यात उरकतो. त्याचे कारण उघड आहे. एलीम येथे काही घडतच नाही.

पुन्हा वाचून पाहा. एकच वचन आहे. तेथे बारा झरे होते, खजुरीची सत्तर झाडे होती, आणि लोकांनी पाण्याजवळ तळ दिला. चमत्कार नाही, आज्ञा नाही, परीक्षा नाही. मोशे आरोळी मारीत नाही आणि विशेष म्हणजे कोणी कुरकुरतही नाही. मिसर सोडल्यापासून असा मुक्काम पहिलाच! पुढे गणनाच्या तेहेतिसाव्या अध्यायात चाळीसहून अधिक मुक्कामांची यादी आहे. बहुतेक ठिकाणांचे नुसते नाव येते. पण एलीमपाशी आल्यावर लिहिणारा थांबतो आणि ते बारा झरे व ती सत्तर झाडे पुन्हा मोजून सांगतो. इतक्या वर्षांच्या चालीनंतरही ती मोजणी कोणी विसरले नव्हते.

मला हे वचन पन्नाशी जवळ आल्यावर कळले, आणि तेही एका अपराधामुळे. तो आधी सांगतो.

आमच्या शब्बाथ शाळेत बालवर्ग घेणारी एक भगिनी आहे. ती रुग्णालयात परिचारिका आहे. आठवड्यातून काही रात्री तिची रात्रपाळी असते. शनिवारची रात्र जागून ती रविवारी सकाळी बसने वाळपईला येई आणि तशीच वर्गावर उभी राही. गेल्या नाताळानंतर ती माझ्याकडे आली व म्हणाली, “मला तीन महिने वर्गातून मोकळीक द्या. फार थकले आहे.” मी काय उत्तर दिले? मी म्हणालो, “प्रभूच्या सेवेतून आपण रजा घेत नसतो.” वाक्य मला त्या वेळी फार चांगले वाटले. तिने काही उत्तर दिले नाही. हजेरीपट आणि चित्रांचे तक्ते टेबलावर नीट ठेवले आणि गेली. पुढच्या रविवारपासून ती वर्गालाच काय, उपासनेलाही आली नाही.

मला राग आला, हे कबूल करतो. तिच्या वर्गाचे काम मी अंगावर घेतले. बुधवारची प्रार्थनासभा, शुक्रवारची घरोघर भेट, कचेरी, रविवारचा उपदेश हे होतेच. जानेवारीत एका रविवारी वचन वाचताना अक्षरे हलू लागली आणि मी व्यासपीठाला धरून उभा राहिलो. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, गोळ्या दिल्या व विश्रांती सांगितली. ही बातमी माझ्या धाकट्या बहिणीला मस्कतमध्ये कळली. तिने व मेहुण्यांनी तिकीट काढून पाठवले, म्हणून फेब्रुवारीत मी ओमानला गेलो. नाहीतर गेलो नसतो.

मस्कतपासून सुमारे २०० किलोमीटरवर, शर्कियाच्या वाळवंटाजवळ, डोंगरांच्या कुशीत वादी बनी खालिद नावाचे ठिकाण आहे. वाटेत तासन्‌तास नुसता तपकिरी दगड आणि दूरवर वाळूच्या टेकड्या. मग रस्ता डोंगरात वळतो, आणि एका वळणावर खाली एकदम हिरवी पट्टी दिसते. खजुरीच खजुरी, आणि मधून बारा महिने वाहणारे पाणी. तेथे बागांमधल्या एका साध्या घरात आम्ही तीन रात्री राहिलो. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी व शनिवारी, तेथे सहलीची गर्दी होते. आम्ही रविवारी दुपारी पोहोचलो, तेव्हा सारे शांत झाले होते. गाडीतून उतरताच बहीण म्हणाली, “दादा, चार दिवस तू कुणाला काही शिकवायचं नाहीस.” माझ्या पिशवीत तीन उपदेशांची टिपणे होती, हे तिला न सांगता कळले होते.

वाळपईचा माणूस पाण्याला नवा नाही. आमच्याकडे पावसाळ्यात एका दिवसात जेवढा पाऊस पडतो, तेवढा मस्कतला सगळ्या वर्षात पडतो, असे म्हटले तरी चालेल. तेथील वर्षाची सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणून तेथे पाण्याचा एक थेंबही बेवारस नसतो. उगमापासून दगडाचुन्याच्या पाटाने पाणी बागांत आणतात. त्या पाटाला ते फलज म्हणतात. काही फलज जमिनीखालच्या लांब भुयारांतून येतात. असे सुमारे ३,००० फलज त्या देशात आजही चालू आहेत आणि त्यांतील पाच युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवले. भुयारी फलजाला ते दाऊदी म्हणतात. दाविदाचा पुत्र शलमोन याने ते बांधवून घेतले, अशी तेथील लोककथा आहे. शास्त्रात याला आधार नाही, पण नाव ऐकून मला घरच्यासारखे वाटले!

त्या पाण्याची वाटणी वेळेने होते. अमक्याला अर्धा तास, तमक्याला दोन तास. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजीत. आता मनगटावरचे घड्याळ पुरते. पाणी आधी पिण्यासाठी, मग धुण्या-न्हाण्यासाठी, मग खजुरीला आणि शेवटी उरले तर हंगामी पिकाला. आपल्या सत्तरीतल्या कुळागरांत पाटाच्या पाण्याची पाळी असते, तसेच हे. आपल्याकडे त्या पाळीवरून भांडणे होतात, रात्री कोणी गुपचूप मातीचा बांध फोडतो. तेथेही होत असतील. माणूस सगळीकडे सारखाच. पण नियम स्पष्ट आहे. तुझी पाळी संपली की तू आपले दार बंद करायचे, मग तुझी बाग कितीही तहानलेली असो.

पहिल्या दिवशी मला काही स्वस्थ बसवेना. एलीमची आठवण होऊन मी खजुरीची झाडे मोजू लागलो आणि शंभराच्या पुढे गोंधळून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता झोप लागली, ती दुपारी उतरली. उठल्यावर चोरी केल्यासारखे वाटले. बागेत खजुरीच्या परागाचा हंगाम होता. खजुरीत नर झाड वेगळे व मादी झाड वेगळे; आपल्याकडचा पाडेली माडावर चढतो तसा माणूस वर चढून नर फुलोऱ्याच्या काड्या मादी फुलोऱ्यात बांधतो. मग खाली उतरायचे आणि थांबायचे. फळ उन्हाळ्यात. मधल्या महिन्यांत त्याने झाडाखाली उभे राहून ओरडले तरी खजूर लवकर पिकत नाही. तिसऱ्या दिवशी मी पाण्यात पाय सोडून बसलो. लहान मासे येऊन पायांना टोचत होते. प्रार्थना करावी म्हटले, तर नेहमीची मागण्यांची यादी आठवेना. तसाच बसून राहिलो. त्या संध्याकाळी मी निर्गमचा सोळावा अध्याय उघडला.

प्रियहो, एलीमने त्या लोकांचा स्वभाव बदलला नाही, हे आधी सांगतो. सोळाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात ते एलीमहून निघतात आणि दुसऱ्याच वचनात पुन्हा कुरकुरतात. मिसरातून निघून तेव्हा बरोबर एक महिना झाला होता. विश्रांती घेतली की माणूस संत होतो, असे कोणी सांगत असेल तर त्याने हा अध्याय वाचलेला नाही. पण क्रम पाहा. अजून सीनाय यायचा आहे. दहा आज्ञा यायच्या आहेत. शब्बाथाची आज्ञा दगडावर कोरली जाण्याआधी देव या लोकांना एलीमला पाण्याजवळ बसवतो, आणि मग मान्न्याच्या द्वारे सातवा दिवस शिकवतो. सहाव्या दिवशी दुप्पट मिळेल, सातव्या दिवशी बाहेर जाऊ नका. तरी काही जण सातव्या दिवशी गोळा करायला गेलेच, आणि त्यांना काही मिळाले नाही.

आजवर मी त्या लोकांना अवज्ञा करणारे, लोभी असे म्हणत आलो. त्या संध्याकाळी मला ते निराळे दिसले. ते आळशी नव्हते. सगळी छावणी तंबूत बसलेली असताना टोपली घेऊन पहाटे निघालेले ते उद्योगी लोक होते. शेजाऱ्यांना ते म्हणाले असतील, “अहो, बसून कसे चालेल?” मी त्यांच्यापैकी एक आहे, हे मला तेव्हा समजले. मला वाटत होते की मी गेलो नाही तर मान्ना पडणार नाही.

मस्कतमध्ये १८९१ साली बिशप थॉमस वाल्पी फ्रेंच मरण पावले. आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजचे ते पहिले प्राचार्य आणि लाहोरचे पहिले बिशप. पद सोडून, वयाच्या ६६ व्या वर्षी, ते अरबस्तानात सुवार्तेसाठी गेले आणि तीन-चार महिन्यांतच, मे महिन्याच्या उन्हात, त्यांचा अंत झाला. विश्रांती न घेणारा सेवक म्हणून त्यांचे उदाहरण मी उपदेशात वापरले आहे. त्यांच्या भक्तीपुढे आजही मान लवते. परंतु ते स्वतःहून उन्हात गेले. त्यांचे उदाहरण देऊन मी दुसऱ्याला उन्हात पाठवीत होतो. त्या दोन गोष्टी एक नव्हेत.

आता शेवटच्या रात्रीची गोष्ट. दोनच्या सुमारास मला जाग आली. बाहेर विजेरीचा उजेड हलत होता. बागेत काम करणारा एक बांगलादेशी तरुण पाटाच्या तोंडाशी बसून दगड आणि कापडाचा बोळा काढीत होता. पाणी खळखळत आमच्या खिडकीखालच्या खजुरींकडे वळले. मी बाहेर गेलो. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, “आमची पाळी दोन वाजता येते. तुम्ही झोपा.” विचारल्यावर कळले की तो चार वर्षे घरी गेलेला नाही.

“तुम्ही झोपा.” ज्या सावलीत मी तीन दिवस देवाच्या विश्रांतीचा विचार करीत बसलो होतो, ती सावली हा मनुष्य रात्री जागून राखीत होता. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा पुन्हा येते, तेव्हा तिचे कारण सांगितले आहे : तुझ्याप्रमाणे तुझ्या दासाला व दासीलाही विसावा मिळावा. बैल आणि गाढवही सांगितले आहे, वेशीच्या आतला परकाही सांगितला आहे. मिसरात ज्यांना कोणी सुट्टी देत नव्हते, त्यांना देव सांगतो की आता तुम्ही दुसऱ्यांना सुट्टी देणारे व्हा. मी ही आज्ञा शब्बाथ शाळेत तोंडपाठ करून घेतली आहे. बालवर्गाला ती शिकवणारी भगिनी शनिवारची रात्र जागून आलेली आहे, हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी तिला म्हणालो की सेवेतून रजा नसते. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयालासुद्धा देवाने आधी बोल लावला नाही. देवदूताने भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिले. देवाचा प्रश्न त्याला पुढे होरेबात, चाळीस दिवसांनी, विचारला गेला. माझ्याकडे मात्र पहिल्या मिनिटालाच उत्तर तयार होते.

बागेतल्या त्या तरुणाला मी काय देऊ शकत होतो? काही नाही. विजेरी धरून तासभर त्याच्याबरोबर उभा राहिलो, एवढेच. पाळी संपल्यावर त्याने घड्याळ पाहिले, बोळा परत लावला आणि पाणी शेजाऱ्याच्या बागेकडे गेले.

वाळपईला परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी त्या भगिनीच्या घरी गेलो. क्षमेचे शब्द वाटेत दोनदा म्हणून पाहिले होते. दुपारचे अकरा वाजले होते. तिच्या आईने दार उघडले. मला पाहून त्या थोड्या घाबरल्या. म्हणाल्या, “रात्रपाळीवरून येऊन आत्ताच आडवी झालीय. उठवू का?”

मी म्हणालो, “नको, झोपू द्या. मी संध्याकाळी परत येतो.” संध्याकाळी गेलो, आणि जे बोलायचे होते ते बोललो. ती काही वेळ गप्प राहिली, मग आत जाऊन चहा घेऊन आली. ती वर्गावर केव्हा येईल हे मी विचारले नाही. बालवर्ग मे महिन्यापर्यंत मी घेईन आणि जूनपासून आणखी दोघे जण पाळीने घेतील, असे आम्ही ठरवले आहे. बुधवारची प्रार्थनासभा दुसऱ्या एका बंधूने घेतली आहे. त्यांची प्रार्थना माझ्यापेक्षा लहान असते, आणि लोक अधिक येऊ लागले आहेत.