दृष्टीआड असलेलें पाणी

शेजाऱ्याच्या विहिरींत कोणी दिवसाढवळ्या घाण टाकिली, तर तो अन्याय आहे हें ठरविण्यास पंचांची गरज लागत नाहीं. परंतु तीच घाण त्यानें आपल्याच शेतांत खोल भोंक पाडून आंत सोडिली, आणि ती भूमीच्या पोटांतून सरकत सरकत पुष्कळ वर्षांनीं दुसऱ्याच्या झऱ्यास मिळाली, तर दोष कोणाचा? ज्याची जमीन त्याचेंच तिच्याखालील सर्व, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. शेताला बांध असतो, पाझराला नसतो.

हा प्रश्न अमेरिकेंत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. कारखान्यांचें सांडपाणी आणि तेलाबरोबर वर येणारें खारें पाणी भूमींत परत दाबून सोडण्यासाठीं तेथें मुद्दाम विहिरी खणतात. नदी नासविण्यापेक्षां हें बरें, असा त्यांत विचार. आणि तो अगदींच खोटा नव्हे. पण डेन्व्हर शहराजवळ लष्कराच्या रासायनिक कारखान्यानें १९६१ सालीं १२,००० फुटांहून खोल विहीर पाडिली व मार्च १९६२ पासून तींत सांडपाणी सोडिलें. लवकरच त्या भागांत भूकंपाचे धक्के बसूं लागले. फेब्रुवारी १९६६ मध्यें काम बंद झालें, तरी सर्वांत मोठे धक्के बसले ते १९६७ सालीं! खालीं काय चाललें आहे हें वर उभ्या असलेल्या मनुष्यास कळत नाहीं, एवढें तरी यावरून दिसून येतें.

पिण्याच्या पाण्याच्या रक्षणाचा कायदा तेथें १९७४ सालीं झाला. त्यान्वयें अशा विहिरींचे आज सहा वर्ग आहेत. घातक सांडपाण्याच्या विहिरीला लोखंडी नळ, त्याभोंवतीं सिमेंट, आंत दुसरी नळी, आणि गळती समजावी म्हणून मधल्या पोकळींतील दाबावर सतत नजर, इतकें सर्व लागतें. शिवाय तें पाणी १०,००० वर्षें नेमिलेल्या थराबाहेर जाणार नाहीं, किंवा जाण्यापूर्वीं निरुपद्रवी होईल, असें मालकानें आधीं दाखवून द्यावें लागतें. आम्हांस यांतील न्याय हा वाटतो कीं, पुराव्याचें ओझें सोडणाऱ्याच्या शिरावर आहे. पाणी नासल्यावर फिर्याद करावी असें म्हटलें, तर शेतकऱ्यानें पुरावा आणावा कोठून? खडकांत शिरून कोण पाहणार?

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एका लिटरांत १०,००० मिलिग्रॅमपेक्षां कमी क्षार असलेलें भूजल हा कायदा राखतो. समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५,००० असतात. म्हणजे आज कोणी ओठास लावणार नाहीं असें मचूळ पाणीही राखून ठेविलें आहे, तें पुढें कोणास तरी लागेल म्हणून. जो अजून जन्मला नाहीं त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय, असें तत्त्वज्ञानी लोक विचारतात; या एका आंकड्यानें 'होय' म्हटलें आहे. अमुक थर कधींच उपयोगी पडणार नाहीं असें ठरवून त्यास सूट देण्याची वाटही त्याच नियमांत आहे. हें 'कधींच' उच्चारण्यास मोठें धैर्य पाहिजे, आणि तें धैर्य बहुधा ज्याला घाण टाकावयाची असते त्यालाच असतें.

पुढें २००५ सालीं, तेल व वायु काढण्यासाठीं दाबानें खडक फोडण्याचें काम या विहिरींच्या नियमांतून वगळण्यांत आलें. त्यांत डिझेल वापरल्यास मात्र नियम लागू राहिले. खडक फोडून झाल्यावर जें सांडपाणी वर येतें, तें विहिरींत पुरावयाचें तर परवाना हवा. तेंच खालीं दाबून खडक फोडावयाचा तर नको. खालच्या झऱ्याला हा भेद कोणीं समजावून सांगावा?