पुडीत न गेलेले देव

आप्पांचा एक नियम होता. देवाचं चित्र असलेल्या कागदात पुडी बांधायची नाही.

खापरला आमचं किराण्याचं दुकान, अक्कलकुव्याहून सागबाऱ्याकडे आणि पुढे अंकलेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर. प्लॅस्टिकच्या पिशव्या तेव्हा आल्या नव्हत्या. हळद, मिरची, जिरं, चहा, गूळ, सगळं कागदात बांधून जायचं. कागद नंदुरबारहून किलोवर यायचा. नंदुरबार अजून जिल्हा झालं नव्हतं, आम्ही धुळे जिल्ह्यातले; वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. सुतळीनं आवळलेल्या त्या रद्दीच्या गठ्ठ्यांत गुजराती वर्तमानपत्रं निघत, मराठी निघत, कुणाच्या गणिताच्या वह्या निघत आणि मधूनच माझा खजिना निघे. चांदोबा, किशोर, अमर चित्र कथा. कुठल्याशा घरातली मुलं मोठी झाली की त्यांची चित्रांची पुस्तकं तागडीत बसून आमच्याकडे येत. मी चौथीत होते, साल १९७६. शाळा सुटली की दप्तर गल्ल्यामागे टाकायचं आणि मिठाच्या गोणीवर बसून गठ्ठा उसवायचा.

कव्हर असलेलं पुस्तक मी क्वचितच पाहिलं. शेवटची पानं तर बहुधा नसतच. मी शाळेत असताना आप्पांच्या हातून ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलेली असत. विक्रम आणि वेताळाचं त्यात फारसं बिघडत नसे, कारण ती गोष्ट पुढच्या अंकात परत झाडापाशीच सुरू व्हायची. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे वळलेली ती सावध नजर. हे चित्र के. सी. शिवशंकरन यांनी काढलेलं, हे मला फार उशिरा कळलं. चांदोबा छापला जायचा मद्रासला, त्यामुळे त्यातली देवळं दक्षिणेकडची असायची. आयुष्यातलं पहिलं गोपुर मी मिठाच्या गोणीवर बसून पाहिलं आणि बरीच वर्षं देवांचं खरं घर तसंच असतं असं मानत आले. आमच्या गावातलं देऊळ मला साध्या माणसाच्या घरासारखं वाटायचं.

तर आप्पांचा नियम. पुडीसाठी कागद फाडताना त्यावर देव दिसला की ते तो बाजूला काढायचे आणि गल्ल्याखालच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. गिऱ्हाइकांची रांग असली तरी हात थांबायचा. दिवाळीच्या आधी दुकान झाडलं जाई, तेव्हा डब्यातले कागद नदीला सोडायचे. ते काम माझं. मी अर्धे सोडायचे आणि अर्धे परत आणायचे. आप्पांना ते माहीत असावं, कारण डबा कधीच पुरता रिकामा नसे आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

घाईत त्यांना मजकूर वाचायला वेळ नसायचा. ते मुकुट बघायचे. चित्रांच्या पुस्तकांत मुकुट तर सगळ्यांनाच असतात, राजाला, राक्षसाला, इंद्राला, रावणाला. त्यामुळे डब्यात वाट्टेल ते गोळा व्हायचं. एकदा कृष्णाच्या चित्रकथेतलं पान होतं. राम वाईरकरांनी काढलेला कृष्ण आमच्या पिढीच्या पुष्कळ मुलांचा पहिला कृष्ण. पण त्या पानावर कृष्ण नव्हताच, सिंहासनावर बसलेला कंस होता. मला वर्गातली चूक सापडल्यासारखा आनंद झाला. म्हटलं, आप्पा, हा देव नाही, हा कंस आहे, ह्याची पुडी चालेल. आप्पा साखर तोलत होते. काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "राहू दे. त्यालेबी देवानंच सोडवलं ना?"

भागवत त्यांनी सप्ताहात ऐकलेलं. त्यात हे आहेच. कंसाला जेवताना, चालताना, झोपताना भीतीनं का होईना कृष्णच दिसत होता, आणि ज्याचा ध्यास घेतला त्याच्यातच तो शेवटी मिळाला. कीर्तनकार याला विरोधभक्ती म्हणतात. शब्द मी मोठेपणी शिकले. पण साखर तोलता तोलता हा विचार कुणाच्या हाताला लागू शकतो, हे मला त्या दिवशी दिसलं आणि त्याचा अचंबा अजून गेलेला नाही. कंसाचं पान डब्यात राहिलं.

त्याच पानाची आणखी एक गोष्ट आहे. ते मध्ये काही दिवस बाहेर, गोडेतेलाच्या डब्यावर पडून होतं आणि मापातून ओघळलेलं तेल त्याच्या मध्यावर पसरलं. तेल लागलेला कागद आरपार होतो, दुकानदाराच्या पोराला हे सांगावं लागत नाही. रात्री वीज गेलेली, कंदील लावलेला, आणि मी ते पान काचेसमोर धरलं. पाठीमागच्या बाजूला कृष्ण होता, लहान, गवळ्यांच्या पोरांत उभा. तेलाच्या डागात तो कंसाच्या छातीवर उगवला. कंसाचा मुकुट, त्याच्या मिशा आणि त्यातून हसणारा पोर. पान थोडं मागे नेलं की कृष्ण पुसट व्हायचा, पुढे आणलं की कंस. मी कितीतरी वेळ ते मागेपुढे करत बसले. आजीनं जेवायला हाका मारल्या, त्या ऐकू आल्या नाहीत. देव कुठे असतो हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो त्या कंदिलापुढे. चित्रकारानं तर दोघांना दोन पानांवर काढलं होतं. मग एका जागी आणलं कुणी? तेलानं? उजेडानं? की मी?

आजीचा नियम वेगळा. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा, चित्र कुणाचंही असो. एकदा वेताळाच्या पानावर पाय पडला आणि मी अडले. भुताच्या पाया कशाला पडू? आजी म्हणाली, कागद सरस्वतीचा आहे, पड. पडले. पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा बदलीच्या गावी गोव्याकडची एक शिक्षिका शेजारी राहायला आली, तिच्याकडून कळलं की तिकडे वेताळ हा गावाचा राखणदार देव आहे, त्याची देवळं आहेत, उत्सव आहेत. म्हणजे गोणीवर बसून मी ज्याला भूत समजत होते, त्याच्यापुढे कुणी मनापासून हात जोडत होतं. आजीनं नकळत मला बरोबरच नमस्कार करायला लावला होता.

पाय कुठे ठेवावा हा प्रश्न नामदेवांनाही पडला. गोरोबाकाकांनी मडक्यासारखं थापटून त्यांना कच्चं ठरवलं, तेव्हा ते गुरू शोधत औंढ्या नागनाथाला गेले. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी हटकलं तर म्हणाले, जिथे देव नाही तिथे उचलून ठेव. जिथे ठेवावेत तिथे पिंडी. आमच्या गावाचं नावच खापर, मडक्याच्या जातीचं, म्हणून असेल, पण मला ही गोष्ट फार जवळची वाटते. तरी मी हेही पाहते की त्यानंतर नामदेवांनी विठोबाचं रूप सोडलं नाही. देव सगळीकडे आहे हे कळल्यावरही त्यांना तो विटेवरचा चेहरा हवाच होता. त्या चेहऱ्याचा हट्ट मला समजतो. मी नदीवरून अर्धे कागद परत आणत होतेच की.

माझ्या वर्गात शेजारच्या पाड्यावरची वसावे आडनावाची एक मुलगी होती. आम्ही एका पाटीवर लिहिलं आहे. बाजाराच्या दिवशी तिची आई महूची फुलं, चारोळी, डिंक घेऊन येई आणि ती माझ्याबरोबर गोणीवर बसे. तिला मराठी वाचायला जड जायचं, घरची बोली वेगळी, पण चित्रं ती माझ्यापेक्षा बारकाईनं पाहायची. बैलाचं शिंग चुकीच्या बाजूला वळलंय, या झाडाला असं पान नसतं, असं सांगायची. मी तिला एकेक देव ओळखून दाखवला. मग विचारलं, तुमची देवी कशी दिसते? त्यांची याहामोगी. याहा म्हणजे आई. दुष्काळात माणसं उपाशी मरत होती तेव्हा तिनं धान्य दिलं, अशी तिची कथा. महाशिवरात्रीला सागबाऱ्याकडे देवमोगऱ्याला तिची मोठी जत्रा भरते. महाराष्ट्र-गुजरात दोन्हीकडची माणसं बांबूच्या नव्या टोपल्या डोक्यावर घेऊन जातात. देवळात मूर्ती आहे, पण माझी मैत्रीण गेली होती आईच्या पाठीवर बसून आणि त्या गर्दीत तिला नुसत्या टोपल्या दिसल्या होत्या.

ती म्हणाली, "दिसायला कशाला पाहिजे? ती खायला देते."

मला काही बोलता आलं नाही. माझ्या डब्यात चाळीसएक देव होते आणि त्यातल्या एकाबद्दलही मी असं छातीठोक सांगू शकले नसते.

पुढे वाचलं की माझ्या ओळखीच्या देवांचे चेहरेही काही फार जुने नव्हते. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या रंगीत चित्रांनी लक्ष्मी-सरस्वतीला घराघरात एक ठरावीक रूप दिलं. त्याआधी गावागावाची लक्ष्मी वेगळी होती. कुठे तांदळा, कुठे मुखवटा, कुठे नुसता कलश. छापलेलं चित्र गरिबाच्याही भिंतीवर गेलं, ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं जात नव्हतं त्यांच्याही घरात देव पोचला. मी हे मनापासून मानते. आणि तरी काहीतरी आत टोचत राहतं. एकदा एक चेहरा डोळ्यांत बसला की दुसऱ्या रूपात आलेला देव ओळखू येत नाही. मी शिक्षिका असताना पोरांना देव काढायला सांगितला की तीस वह्यांमध्ये तोच मुकुट, तेच अर्धवट मिटलेले डोळे. एका मुलीनं पाण्याचा हंडा काढला होता. मी तिला विचारलं, देव कुठे आहे? आज वाटतं, विचारायला नको होतं. तिनं हंडा खोडून मुकुट काढला. ती खाडाखोड मला अजून दिसते.

आता याहामोगीचेही फोटो मिळतात, फ्रेम करून घरात लागतात. बरं की वाईट, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. चित्रावर जीव लावूनच मी मोठी झाले, तेव्हा दुसऱ्यानं लावू नये असं कुठल्या तोंडानं म्हणू?

आप्पा गेले. दुकान भाऊ बघतो, पुड्या केव्हाच बंद झाल्या, माल पाकिटातून येतो. मागच्या दिवाळीला गेले तेव्हा भाऊ म्हणाला, ताई, डबा तेवढा सोडून ये नदीला. झाकण गंजलेलं, बत्त्याचा दांडा घालून उघडलं. कसर लागली होती. पानं हातात घेतली की कडा भुग्यासारख्या सुटत होत्या. वेताळ अर्धा राहिला होता, गोपुर शाबूत होतं. तेलाचं ते पान सगळ्यात खाली सापडलं. कंसाचा मुकुट होता, मिशा होत्या. उलटून पाहिलं तर कृष्णाचं तोंड कसरीनं नेमकं खाल्लेलं. गवळ्यांची पोरं होती, पाय होते, बासरी धरलेले हात होते, आणि मानेवर एक गोल भोक.

मैत्रीण भेटायला आली होती. ती आता आजी झाली आहे, सून पाड्यावर अंगणवाडी चालवते. मी काही न बोलता पान तिच्या हातात दिलं. तिनं ते दाराच्या उजेडाकडे धरलं आणि भोकातून रस्त्यावरून जाणारा ट्रक पाहिला, मग पलीकडचा चिंचेचा शेंडा.

"आता हा आमच्यासारखा झाला," ती म्हणाली.

मग पदरानं त्यावरचा भुगा हलकेच झटकला आणि पान परत डब्यात ठेवलं, सगळ्यात वर. डबा मी नदीवर नेला नाही.