नकाराचे वजन

लोकशाहीत निर्णय बहुमताने होतात, हे आपण शाळेतल्या नागरिकशास्त्रात शिकतो. पण बहुमत म्हणजे नेमके किती आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शाळांच्या निमित्ताने हा प्रश्न वारंवार उभा राहतो.

तेथील स्थानिक शाळा मंडळाला जादा पैसा हवा असेल, तर ते 'पार्सल टॅक्स' सुचवू शकते. हा घराच्या वा जमिनीच्या प्रत्येक मिळकतीवर बसणारा कर आहे. मंडळाने मांडलेल्या अशा कराला मतदारांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. शंभरांपैकी ६६ जण 'हो' म्हणाले आणि ३४ 'नाही' म्हणाले, तरी प्रस्ताव पडतो. म्हणजे नकाराचे एक मत होकाराच्या जवळजवळ दोन मतांना भारी पडते. एक माणूस, एक मत हे तत्त्व कागदावर शाबूत राहते, तराजूत मात्र राहत नाही.

या नियमामागे इतिहास आहे. पूर्वी तेथे शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागे. १९६८-६९ साली बेव्हर्ली हिल्स या धनिकांच्या वस्तीत एका विद्यार्थ्यामागे १२३२ डॉलर खर्च होत होते, तर बाल्डविन पार्क या साध्या वस्तीत ५७७. गंमत अशी, की कराचा दर गरिबांकडेच जास्त होता. शंभर डॉलर करपात्र मूल्यामागे बाल्डविन पार्कचे लोक ५.४८ डॉलर भरत, तर बेव्हर्ली हिल्सचे २.३८. अधिक देऊनही कमीच पदरात पडे. 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट' या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली म्हटले, की मुलाच्या शिक्षणाचा दर्जा त्याच्या आईबापांच्या आणि शेजाऱ्यांच्या संपत्तीवर अवलंबून ठेवता येणार नाही. पुढे १९७३ मध्ये टेक्ससच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उलट कौल दिला. देशाच्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, असे त्या निकालाचे म्हणणे होते.

मग १९७८ साली 'प्रपोझिशन १३' आले. घरांच्या किमती भडकल्या होत्या, त्यांच्याबरोबर करही वाढत होता आणि निवृत्त माणसांना आपलेच घर परवडेनासे झाले होते. ही व्यथा खरी होती. मतदारांनी मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्यावर बांधून टाकला आणि स्थानिक विशेष करांना दोन तृतीयांशांची अट घातली. पण हा प्रस्ताव स्वतः किती मतांनी मंजूर झाला? सुमारे ६५ टक्के. स्वतः घातलेली अट त्याला स्वतःलाच पार करता आली नसती!

२००० साली 'प्रपोझिशन ३९' ने शाळांच्या बांधकामासाठीच्या कर्जरोख्यांना ५५ टक्क्यांची सवलत दिली. तेही सुमारे ५३ टक्के मतांनीच मंजूर झाले. शिवाय या रोख्यांचा पैसा शिक्षकांच्या पगारावर खर्च करता येत नाही. म्हणजे इमारत उभी करायला ५५ टक्के पुरतात, पण तिच्यात शिकवणाऱ्या माणसासाठी पार्सल टॅक्स लावायचा म्हटला, की मंडळाला ६६ टक्क्यांच्याही वर जावे लागते.

या अटीचे समर्थक म्हणतात, की बहुसंख्येच्या लहरीपासून अल्पसंख्येला वाचवायचे, तर मोठ्या बहुमताची अट हवीच. आपल्यासारख्या अल्पसंख्याकांना हा युक्तिवाद सहज पटावा असा आहे. म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. आपल्या घटनेचे तिसावे कलम अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. तो हक्क साध्या बहुमताच्या हाती नाही आणि ते योग्यच आहे, कारण तेथे एखाद्या समूहाकडून काही हिरावले जाऊ नये, एवढाच हेतू आहे. कॅलिफोर्नियात ज्या अल्पसंख्येला ढाल मिळते ती कर न देऊ इच्छिणाऱ्यांची. आणि ज्याच्या वहीचा, बाकाचा, शिक्षकाचा प्रश्न आहे, त्या मुलाला मतच नाही. सिलिकॉन व्हॅलीत व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबाचेही तसेच. मूल तिथल्या शाळेत जाते, घरभाड्यातून कराचा भार येतो, पण नागरिकत्व नसल्याने त्या कराच्या मतदानात भाग नाही. सर्वांत दुबळी अल्पसंख्या मतपेटीच्या बाहेरच उभी आहे.

आपल्याकडे असे मतदान होत नाही. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने शहरी मालमत्तांवर शिक्षण उपकर बसला, २००४ साली केंद्राने करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लावला. आपल्याला कोणी विचारले नाही. मात्र आपण भरलेला रुपया कोणत्या शाळेपर्यंत पोचला, हेही आपण फारसे विचारले नाही. जोतिराव फुल्यांनी तो प्रश्न १८८२ सालीच हंटर आयोगापुढे मांडला होता. तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि शिक्षणाचा लाभ होतो वरच्या वर्गांना, ही त्यांची तक्रार होती. बाल्डविन पार्कची कहाणी तिच्यापासून फार दूर नाही.

कर किती आणि कोणी द्यायचा, यावर लोकांचे मत घ्यायलाच हवे. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला विचारू नये, असे कोणताही लोकशाहीवादी म्हणणार नाही. पण मुलाला शिकवायचे की नाही, हा मतदानाचा विषय होऊ शकत नाही. २००२ साली घटनेत आलेल्या एकविसाव्या-अ कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. हक्काला तरतुदीची जोड नसेल, तर तो खैरातीच्या पातळीवर येतो आणि खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. म्हणून प्रत्येक मुलासाठीचा किमान खर्च आधी पक्का करावा, तो शेजाऱ्याच्या संपत्तीवर आणि मर्जीवर सोडू नये. त्यापुढचा बोजा कसा वाटून घ्यायचा, ते मतपेटीला खुशाल ठरवू द्यावे. तिथे मात्र होकार आणि नकार यांचे वजन सारखे असावे.